भांडी परत करताना

इंगाला पुरलं त्या आठवड्यात
दारात सहा भांडी आली.
सहाही मॅकरोनी चीजची,
जणू अख्ख्या ऑर्कनीनं मिळून ठरवलं होतं
की रडणाऱ्या पुरुषाला चावावं लागू नये.

मी रडत नव्हतो. तरी खाल्लं.

थोरा रेंडलच्या भांड्यात वर टोमॅटोच्या चकत्या,
कडेनं करपलेल्या. नवऱ्याला तशाच लागतात, म्हणाली.
नवरा जाऊन तिचा अकरा वर्षं झाली.
डेव्हिनाचा पांढरा सॉस इतका गुळगुळीत
की जिभेला धरायला काही सापडेना;
ती पीठ दोनदा चाळते, माणसंही.
इझबिस्टर, सडाफटिंग, त्यानं पातेलंच आणलं.
ओव्हन त्याच्याकडे नाही. नळ्या उकडायच्या,
पाणी अर्धंच ओतून द्यायचं,
उरलेल्यात लोणी, मूठ मूठ चीज,
आणि ढवळताना शिव्या द्यायच्या,
नाहीतर तार धरत नाही.
एवढं सांगून तो टोपी हातात घेऊन
उंबऱ्यात उभाच राहिला.

पाद्रीणबाईंनी खरं सांगून टाकलं: पाकीट आहे,
वर ब्रेडचा चुरा तेवढा माझा.

आणि ओरलीन, दवाखान्यातली, बार्बाडोसची,
रात्रपाळीला इंगाचा हात धरून बसायची ती.
तिच्यात अंडी, डब्यातलं आटवलेलं दूध,
कांदा, पिवळी मोहरी. चक्क वड्या पडतात.
गार झाल्याशिवाय सुरी लावायची नाही,
घाई केलीत तर सगळं वाहून जाईल, म्हणाली,
मॅकरोनीबद्दलच बोलत होती.

सहाव्याचं नंतर सांगतो.

भांडं रिकामं परत करू नये, हे मला ठाऊक होतं.
बाकी काही ठाऊक नव्हतं.
बेचाळीस वर्षं इंगा स्वयंपाकघरात,
मी भिंतीपलीकडे, बातम्या लावून.
पाककृती तिनं कुठे लिहिली नाही,
मी कधी विचारली नाही.
पण मी फेरीबोटीच्या इंजिनावरचा माणूस.
न बघता ऐकायचं, हेच आयुष्यभर केलं.

लोणी आधी चुरचुरतं, मग गप्प होतं.
गप्प झालं की पीठ.
दूध तीन वेळा: प्रत्येक वेळी चमचा
हलका फिरतो, मग जड,
वल्ह्याला प्रवाह लागावा तसा.
किसणीचे लांब लांब ओढे, शेवटी आखूड,
बोटं वाचवत.
मग अगदी बारीक खरखर. ते जायफळ
हे मला पाचव्या खेपेला कळलं.
चमचा कडेवर दोनदा आपटायचा.
आणि मग एक शांतता असायची,
वीस आकडे मोजण्याइतकी.
तेव्हा ती काय करायची?
चव घेत असेल.
खिडकीतून बंदराकडे बघत असेल.
मी वीस मोजतो, नुसता उभा राहतो.

पहिल्या चार खेपांना गुठळ्या झाल्या. कोंबड्यांना घातल्या.
पाचवी थोराला नेली. तिनं झाकण उघडून वास घेतला,
काही बोलली नाही, चहा टाकला.
इझबिस्टर म्हणाला, शिव्या कमी पडल्यात.
ओरलीननं तिथेच, उभ्यानं, चमच्यानं खाल्लं,
आणि मोहरी का नाही म्हणून भांडली.

सहावं भांडं. निळ्या काठाचं,
नावाची पट्टी नाही, कुणी ठेवलं पाहिलं नाही.
घासताना उलटं केलं तर तळाला
लाल नखपॉलिशनं काढलेला इंगाचा ‘इ’,
आणि कडेला टवका, माझ्याच हातून उडालेला,
ज्या वर्षी बोट बदलली त्या वर्षी.
आमचंच. कधीतरी तिनं कुणाला तरी
भरून दिलेलं.

कोणाला, ते ती सांगून गेली नाही.
ओट्यावर आहे अजून.
परवा त्यात बटाटे ठेवले होते.
काल काढले.